बडोद्यात खोलीतून हाकललेल्या बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी घर बांधलं

दादर स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की पाच-दहा मिनिटांत हिंदू कॉलनी लागते. झाडांच्या सावलीतले रस्ते, नंबर दिलेल्या गल्ल्या आणि जुन्या बुटक्या इमारती. आज इथे फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. मराठी मध्यमवर्गात या पत्त्याला गेली नव्वद-शंभर वर्षं एक वेगळाच मान आहे.

याच कॉलनीत ‘राजगृह’ आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली हजारो माणसं इथेही येतात. घर बघतात, फोटो काढतात, बाबासाहेबांची पुस्तकं कुठे असायची ते विचारतात. पण परळच्या चाळीत वाढलेला माणूस हिंदू कॉलनीत कसा पोहोचला, त्याने तिथे प्लॉट का घेतला आणि त्या घरासाठी काय किंमत मोजली, हे अनेकांना माहीत नसतं.

बाबासाहेबांचं आयुष्य आपण सहसा पदव्या, सत्याग्रह आणि संविधान या क्रमाने वाचतो. तेच आयुष्य त्यांच्या घरांच्या पत्त्यांवरून वाचलं, तर एक वेगळी गोष्ट समोर येते.

एका खोलीत सगळा संसार

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू इथल्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी साताऱ्यात आणि मग मुंबईत आलं.

मुंबईत त्यांना जागा मिळाली ती परळच्या डबक चाळीत. एकच खोली. तिथेच चूल, तिथेच सामान आणि तिथेच झोपायचं. सगळ्यांना एकाच वेळी आडवं व्हायलाही जागा पुरायची नाही. त्यामुळे बापलेकांनी एक युक्ती काढली होती. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे आणि रामजी जागे राहायचे. रात्री दोनच्या सुमाराला ते मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः झोपायचे. मग घर झोपलेलं असताना भीमरावांचा अभ्यास सुरू व्हायचा.

या परिस्थितीत ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. झाले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं वेड लागलं. पोटाला चिमटा काढून त्यांनी तिथे जवळपास दोन हजार पुस्तकं जमवली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून भारतात परतावं लागलं. तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. पुस्तकांचं सामान ज्या बोटीवर होतं ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली.

बडोद्यातले अकरा दिवस

शिष्यवृत्तीच्या करारानुसार बाबासाहेबांना बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. १९१७ मध्ये ते बडोद्याला पोहोचले. हातात कोलंबियाची पदवी होती, नोकरी थेट महाराजांच्या दरबारची होती. अडचण एकच, राहायचं कुठे?

हिंदू खानावळीत जात विचारणार. खोटं बोलून राहावं तर कधीतरी कळणार. शेवटी ते एका पारशी सरायीत गेले. तिथे फक्त पारशी माणसालाच राहता येत होतं. सराय ओस पडलेली होती, व्यवस्थापकालाही गिऱ्हाईक हवं होतं. म्हणून वहीत पारशी नाव लिहायचं ठरलं आणि बाबासाहेबांना वरच्या मजल्यावर जागा मिळाली.

वरच्या मोठ्या दालनात अडगळ भरलेली होती. विजेचा दिवा नव्हता, एका कंदिलाच्या उजेडात ते रात्र रात्र वाचत बसायचे. आजूबाजूला माणूस नाही, डोक्यावर वटवाघळं. दरम्यान सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, पण त्याचा निकाल लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघत होते. तेवढ्यात हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. सराय बाटवली, असं त्यांचं म्हणणं होतं. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन ते निघून गेले.

बाबासाहेबांनी दोन ओळखीच्या माणसांकडे विचारून बघितलं. त्यातला एक हिंदू होता. त्याने घरात घेतलं तर नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. दुसरा ख्रिश्चन झालेला ब्राह्मण होता. त्याने बायकोला विचारावं लागेल, असं सांगितलं. दोघांनी थेट नकार दिला नाही, पण दार कुणीच उघडलं नाही.

मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी बडोद्याच्या कामाठी बागेत एकट्याने काढला. हा प्रसंग त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवला. परदेशात पाच वर्षं राहिल्याने आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट मनातून पुसली गेली होती, ती एका खोलीच्या शोधाने परत आणून दिली, असा त्याचा आशय आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पैसे नव्हते म्हणून त्यांना घर मिळालं नाही, असं नव्हतं. भाडं द्यायला ते तयार होते, पगार चालू होता, शिक्षण तर शहरातल्या बहुतेकांपेक्षा जास्त होतं. तरीही घर देणारा माणूस आधी जात विचारत होता.

परळची चाळ आणि लंडनची खोली

मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांचा पत्ता होता परळची बीआयटी चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये पटापट मरू लागली. त्यानंतर १८९८ मध्ये इंग्रज सरकारने ही संस्था स्थापन केली. शहरात रुंद रस्ते काढायचे, जुन्या वस्त्या पाडायच्या आणि नवी घरं उभारायची, हे तिचं काम. कामगारांसाठी बांधलेल्या चाळी हा त्याचाच भाग. या ट्रस्टचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

सिडनहॅम कॉलेजमध्ये प्राध्यापकी करून बाबासाहेबांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. बडोद्यात पारशांनी बाहेर काढलं आणि लंडनला जायला एका पारशी मित्रानेच हात दिला, हेही त्याच आयुष्यात घडलं. जुलै १९२० मध्ये ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला लंडनला निघाले.

१९२१-२२ या काळात त्यांचा मुक्काम होता १०, किंग हेन्रीज रोड. हा रस्ता उत्तर लंडनच्या प्रिमरोज हिल भागात आहे. इथली जमीन एकेकाळी ईटन कॉलेजची. ते कॉलेज स्थापन करणाऱ्या सहाव्या हेन्री राजावरून रस्त्याला हे नाव मिळालं.

आज प्रिमरोज हिल म्हणजे लंडनमधल्या सगळ्यात महागड्या वस्त्यांपैकी एक. बाबासाहेब राहायला होते तेव्हा चित्र वेगळं होतं. युस्टन स्टेशनहून निघणारी रेल्वे या रस्त्याला लागूनच जाते. कोळशाच्या इंजिनांचा धूर घरांवर बसायचा. मोठ्या व्हिक्टोरियन घरांमधल्या खोल्या भाड्याने दिल्या जायच्या. अशाच घरात शिकायला आलेल्या गरीब माणसाला जागा मिळू शकत होती.

लंडनमध्ये त्यांचे दिवस उपाशीपोटीच जायचे. सकाळी पावाचा तुकडा खाऊन ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय गाठायचं आणि ते बंद होईपर्यंत उठायचं नाही. रात्री खोलीवर परत आल्यावर पुन्हा वाचन. भूक फारच लागली तर ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. याच काळात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. केलं आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधाचं काम पूर्ण केलं. त्यावर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. ग्रेज इनमधून ते बॅरिस्टरही झाले.

बॅरिस्टर होऊन आलेला माणूस मुंबईत कुठे राहायला गेला? परत त्याच बीआयटी चाळीत.

त्या दोन खोल्यांमध्ये पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत, भावजय लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद असा गोतावळा होता. याच संसारात रमाबाई आणि बाबासाहेबांची चार मुलं लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. पाच मुलांपैकी एकटे यशवंत वाचले.

घरात जागा नव्हती म्हणून बाबासाहेबांचं बरंचसं काम परळच्या दामोदर हॉलमधल्या कार्यालयातून चालायचं. वकिली, बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमधली अर्धवेळ शिकवणी, बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चं काळाराम मंदिर आणि गोलमेज परिषदा हा सगळा काळ त्यांचा कायमचा पत्ता चाळीतलाच होता. या सगळ्यात पुस्तकं वाढत चालली होती. बोटीबरोबर बुडालेल्या पुस्तकांची जागा नव्या पुस्तकांनी घेतली होती, पण ती ठेवायला खोली नव्हती.

दोन प्लॉट, दोन इमारती

१९३० च्या सुमाराला बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले.

मघाशी म्हटलं तो बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट इथे परत येतो. परळच्या चाळी बांधणाऱ्या याच संस्थेने दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव इथल्या मोकळ्या जमिनींवर नव्या वसाहतींची आखणी केली होती. रुंद रस्ते, झाडं, ठरावीक उंचीच्या इमारती, खेळती हवा, असं सगळं कागदावर आखून प्लॉट पाडले गेले. मग समाजांनुसार वस्त्या होत गेल्या. पारशांची दादर पारशी कॉलनी झाली, माटुंग्यात दक्षिणेकडची माणसं आली, हिंदू कॉलनीत मुख्यतः पांढरपेशे मराठी लोक स्थायिक झाले. त्यात वकील, प्राध्यापक आणि सरकारी नोकर होते, आणि बहुतेक उच्च जातींचे होते.

म्हणजे एकाच संस्थेने मुंबईत एका बाजूला कामगारांची चाळ उभी केली आणि दुसऱ्या बाजूला साहेबांची कॉलनी. दोन्हीमध्ये अंतर किती, तर परळनंतरचं स्टेशन दादर. हे अंतर कापायला बाबासाहेबांना जवळपास वीस वर्षं लागली.

दोन प्लॉट घेण्यामागे हिशोब होता. एका प्लॉटवर स्वतःचं घर बांधायचं. दुसऱ्यावर इमारत बांधून ती भाड्याने द्यायची, म्हणजे कर्ज फेडता येईल. भाड्याच्या इमारतीचं नाव ठेवलं ‘चार मिनार’. घराचं नाव ‘राजगृह’.

राजगृह ही प्राचीन मगधाची राजधानी, बिंबिसार राजाचं शहर. बुद्धाने तिथे बराच काळ घालवला आणि बौद्ध भिक्खूंची पहिली संगीती तिथेच भरली असं मानलं जातं. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १९५६ मध्ये. घर मात्र १९३३ मध्ये पूर्ण झालं. दीक्षेच्या तेवीस वर्षं आधी त्यांच्या दारावर बुद्धाच्या काळातल्या नगरीचं नाव होतं.

घराची रचना पुस्तकांचा विचार करून केली होती. खाली कुटुंब, वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि कामाची जागा. तिथला संग्रह पन्नास हजारांच्या पुढे गेला असं सांगितलं जातं. एका माणसाच्या मालकीचं एवढं मोठं ग्रंथालय तेव्हा देशात क्वचितच असेल.

आता विचार करा. पैसा हाती आल्यावर माणूस घर बांधतो ते सहसा प्रतिष्ठेसाठी किंवा आरामासाठी. बाबासाहेबांना दोन्हीचा मोह नव्हता असं म्हणायचं कारण नाही. त्यांना चांगले कपडे आवडायचे, चांगलं घरही आवडायचं. पण या घरामागे बडोद्याचा अनुभवही होता. भाड्याच्या जागेत मालक कधीही काठी घेऊन येऊ शकतो. स्वतःच्या नावावरच्या जमिनीवर बांधलेल्या घरातून, ते कुठल्याही वस्तीत असो, तसं कुणी काढू शकत नाही.

घर मिळालं, पण सुख थोडंच

रमाबाईंना हे घर फार काळ लाभलं नाही. आयुष्यभर काटकसर केली, मुलं गमावली, नवरा परदेशात असताना एकटीने संसार ओढला. तब्येत आधीच खालावलेली होती. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचं निधन झालं. चाळ सोडून जेमतेम दोन वर्षं होत होती. पुढे १९४० मध्ये आलेलं ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक बाबासाहेबांनी रमाबाईंना अर्पण केलं.

रमाबाई गेल्या त्याच वर्षी, १९३५ मध्ये, १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ती घोषणा करणाऱ्या माणसाचा पत्ता होता हिंदू कॉलनी, दादर.

डोक्यावर कर्ज होतंच. पुस्तकं घेणं थांबत नव्हतं. शेवटी मे १९४१ मध्ये बाबासाहेबांनी चार मिनार विकून टाकली. कर्ज फेडायचं आणि पुस्तकं घ्यायची, ही त्याची कारणं. दर महिन्याला भाडं देणारी इमारत गेली, पुस्तकांचं घर राहिलं. या संग्रहातली बरीच पुस्तकं पुढे त्यांनीच उभ्या केलेल्या सिद्धार्थ कॉलेजकडे गेली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातात गेली.

दिल्लीचे बंगले

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांना दिल्लीत २२, पृथ्वीराज रोड हा बंगला मिळाला. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री असताना ते १, हार्डिंग अव्हेन्यू इथे राहायचे. हा रस्ता आता टिळक मार्ग म्हणून ओळखला जातो. संविधानाच्या मसुद्याचं काम चाललं तो हा काळ. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर, म्हणजेच पुढच्या सविता आंबेडकर, यांच्याशी त्यांचं लग्नही याच बंगल्यात झालं.

पण सरकारी बंगला पदाबरोबर येतो आणि पदाबरोबर जातो. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि बंगला सोडला. मग ते २६, अलीपूर रोड इथे राहायला गेले. हे घर सिरोहीच्या महाराजांचं होतं. दिल्लीतला हा सिव्हिल लाइन्सचा भाग. नवी दिल्ली बांधून होईपर्यंत इंग्रजांची तात्पुरती राजधानी याच परिसरातून चालायची.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथावर त्यांनी अखेरपर्यंत इथेच काम केलं. ६ डिसेंबर १९५६ रोजी याच घरात त्यांचं निधन झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणून राजगृहात ठेवलं गेलं आणि तिथून दादर चौपाटीकडे अंत्ययात्रा निघाली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा हा अध्यक्ष दिल्लीत गेला तेव्हा दुसऱ्याच्या घरात होता. त्याचं स्वतःचं घर दादरला होतं.

लंडनचं घर महाराष्ट्राने घेतलं, मग काय झालं?

बाबासाहेब ज्या खोलीत पापड भाजून रात्र काढायचे, त्या प्रिमरोज हिलचे भाव पुढे आकाशाला भिडले. १०, किंग हेन्रीज रोड हे घर विकायला निघालं तेव्हा ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी ते भारताने घ्यावं म्हणून पाठपुरावा केला. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. किंमत होती ३० लाख पौंडांच्या वर. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथे स्मारकाचं उद्घाटन झालं.

पण घर घेणं आणि त्या वस्तीत ते आपल्याला हवं तसं वापरणं, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. ब्रिटनमध्ये राहत्या घराचं संग्रहालय करायचं असेल तर स्थानिक कौन्सिलची वेगळी परवानगी लागते. कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली. शहरात राहायला घरं कमी आहेत, त्यात एक घर कमी कसं करायचं, हा त्यांचा मुद्दा. काही शेजाऱ्यांची तक्रार होती गर्दीची आणि आवाजाची.

महाराष्ट्र सरकारने अपील केलं. २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली.

त्याच वर्षी जुलैमध्ये इकडे दादरला राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. कुंड्या फोडल्या गेल्या, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं नुकसान केलं गेलं. राज्यभर संताप उसळला आणि घराला पोलीस बंदोबस्त द्यावा लागला.

बडोद्याच्या प्रसंगाला आता शंभर वर्षं उलटून गेली. संविधानाने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तरीही मुंबई-पुण्यात घर शोधताना ब्रोकर आधी आडनाव विचारतो, मग जेवणात काय खाता ते विचारतो आणि नंतर मालकाने विचार बदलल्याचं कळवतो. नकार आजही थेट दिला जात नाही. बडोद्यातल्या त्या दोन ओळखीच्या माणसांनीही तो थेट दिला नव्हता.

हिंदू कॉलनीत गेलात तर राजगृह बघायला नक्की जा. वेळ असेल तर परळच्या बीआयटी चाळीतल्या त्या दोन खोल्याही बघून या. दोन्ही एकाच दिवसात बघून होतात.